नळीतलं पाणी

काचेपलीकडे ही झुंबड उडाली होती. अतिदक्षता विभागात पेशंटपाशी दोघांहून जास्त माणसं नकोत, असा तिथला नियम. पण फुंकरबाबा आले आणि नियम बसला बोंबलत! बाबा उशाशी उभे राहिले, गाल फुगवले आणि निपचित पडलेल्या पोराच्या तोंडावर जोरात फुंकर मारली. व्हेंटिलेटरवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

"बघितलंत?" बाबा गरजले. "श्वास घेतला त्यानं! स्वतःचा स्वतः!"

आईनं हात जोडले. अपघात झाल्यापासून ती त्या दिव्याकडे डोळे लावून बसली होती. पेशंटनं आपणहून श्वास ओढला की हा दिवा लागतो, असं नर्सनंच तिला सांगितलं होतं. डॉक्टरांनी मात्र काल सांगून टाकलं होतं, मेंदू गेलाय, छाती हलते ती मशीन हवा भरतं म्हणून. आज एक शेवटची तपासणी, मग मशीन बंद.

शेजारी उभी असलेली ताईही दिव्याकडे वाकली. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती, पण धाकटा भाऊ असा पडलेला असताना विज्ञान कुणाला सुचतं? खरं असू दे रे, एवढंच तिच्या मनात आलं.

"ही नळी काढा आणि पोराला मठात आणा," बाबांनी फर्मावलं. "यंत्रच त्याचा प्राण पितंय! आमच्या मठात मेलेलीसुद्धा उठून चहा मागतात."

"आणते हो बाबा, आत्ताच आणते," आई म्हणाली.

नळी काढायची म्हटल्यावर ताई भानावर आली. "बाबा, अजून एकदा फुंका."

बाबा फुंकले. या वेळी ती भावाकडे नाही, बाबांकडे बघत होती. शालीआडून त्यांचा गुडघा पुढे सरकला, खाटेवरून लोंबणाऱ्या नळीला लागला आणि दिवा लागला.

"आता पायथ्याशी उभे राहून फुंका."

"शंकेखोरांसमोर प्राण लाजतो, पोरी."

"लाजू दे. फुंका."

गाल फुगले, डोळे तांबारले, शाल घसरली. दिवा मात्र ढिम्म.

एव्हाना डॉक्टर आत आले होते. त्यांनी लोंबती नळी उचलली. वळणात पाणी साचलं होतं. "मशीन गरम, ओलसर हवा सोडतं. ती नळीत निवते, तिचं पाणी होतं. ते हिंदकळलं की मशीनला वाटतं, पेशंटनंच श्वास ओढला." त्यांनी नळी हलवली. दिवा लागला. "आम्हीच हे वेळेवर काढायला हवं होतं," म्हणत त्यांनी पाणी काढून टाकलं. त्यानंतर दिवा लागला नाही.

बाबांनी काढता पाय घेतला. आई बराच वेळ दिव्याकडे बघत राहिली.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "ते पाणी राहू द्यायचं होतं हो."

ताईनं तिला मिठीत घेतलं आणि दोघी हमसून हमसून रडल्या.

बाहेर गलका झाला, तशी ताई डोळे पुसत दाराशी गेली. एका माणसानं बाबांचे पाय धरले होते. त्याची मुलगी पलीकडच्या खाटेवर ऑक्सिजनचा मास्क लावून झोपली होती. "मास्क काढतो बाबा, पण एक फुंकर मारा!"

"दादा, उठा," ताई म्हणाली. "मीसुद्धा फसले होते आत्ता. दुःखात माणूस काहीही खरं मानतो, म्हणून तर अशा वेळीच डोळे उघडे ठेवायचे. डॉक्टरांना विचारा, समजेपर्यंत विचारा. माझा भाऊ गेला. तुमची पोर अजून श्वास घेतेय हो. तिचा मास्क कुणाला काढू देऊ नका."