परीक्षेपुरता कार्ब्युरेटर

मित्रांनो, मी एक जुना कार्ब्युरेटर आहे, आणि खरे सांगायचे तर आता पार थकलो आहे. माझे आटे झिजले आहेत, घशात गाळ साचतो. तरी तुम्ही बसलाच आहात तर माझी कहाणी सांगतो.

हवेत पेट्रोल कालवून ते इंजिनाला पाजणे हे माझे काम. एका निळ्या मोंटे कार्लो गाडीत मी कारखान्यातूनच बसून आलो. मी पाजीन तेवढेच इंजिन प्यायचे आणि धूरही बेतानेच सोडायचे. फ्रेझ्नोच्या फर्मीनने ती गाडी घेतली तेव्हा तो तरणाबांड होता. मनुक्यांच्या कारखान्यात तो ट्रक दुरुस्त करायचा. पहिल्याच महिन्यात त्याने बॉनेट उघडून मला पाहिले आणि दोस्तांना म्हणाला, "हा तर तान्ह्या बाळाला चमच्याने दूध पाजतोय!" सगळे खो खो हसले. मग मला काढून त्याने माझ्या जागी मोठ्या तोंडाचा, चकचकीत कार्ब्युरेटर बसवला. सायलेन्सर बदलला, धूर गाळणारा डबाही काढून टाकला. गाडी अशी गरजायला लागली की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळत.

मला मात्र त्याने भंगारात दिले नाही. आमच्या कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी गाडीच्या धुराची परीक्षा असते. तपासनीस आधी सगळे भाग मूळचेच आहेत ना ते बघतो आणि मग धूर मोजतो. पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून परीक्षा आली की फर्मीन मला, त्या डब्याला आणि जुन्या सायलेन्सरला फळीवरून उतरवी, धुऊनपुसून गाडीत बसवी, पास होऊन येई, आणि त्याच दिवशी आमची पुन्हा उचलबांगडी! "एवढी जुनी गाडी, पण इंजिन किती स्वच्छ!" असे तपासनीस म्हणे. मित्रांनो, त्या कौतुकाचा मला आनंद होत नसे. फळीवर पुन्हा धूळ खाताना ते आठवून उलट वाईटच वाटे.

फर्मीनच्या कानाला मात्र तोड नव्हती. माझ्या अंगावर पेट्रोल कमीजास्त करणारे दोन बारीक स्क्रू आहेत. तो डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि ते अचूक जुळवायचा. पुढे कारखान्याच्या खडखडाटाने आणि त्या गरजण्याने त्याचे कान गेले. कोणी विचारले की तो म्हणे, "हल्ली लोकच हळू बोलतात." यंदा मला बसवले तेव्हा त्याला इंजिन ऐकूच येईना. म्हणून हाताला इंजिनाची थरथर जाणवेपर्यंत तो स्क्रू सैल करत राहिला. माझा गळा पेट्रोलने भरला, मागून काळा धूर निघाला आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा नापास झालो.

त्याचा मुलगा दामियन घरी आला. "अपा, बास झालं आता. अशा गाड्या सरकार विकत घेतं आणि चेपून टाकतं. देऊन टाका."

फर्मीनला हे दोनदा ओरडून सांगावे लागले. तो म्हणाला, "अजून एकदा जाऊ दे. परत नापास झाली तर मीच नेऊन देतो."

"मग निदान जुळवताना धूर मोजायचा मीटर तरी लावा," दामियन पुन्हा ओरडला.

"तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा मीटर लावला होता का मी?"

"लावायला हवा होता," स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको ओफेलिया म्हणाली. फर्मीनला ते ऐकू गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यावर वाकला. सवयीने त्याने डोळे मिटले, पण चेहऱ्यावर काहीच उमटेना. म्हातारा घाबरला होता आणि मीही घाबरलो होतो. गाडी चेपली की मी तिच्यातच चेपला जाणार होतो.

तेवढ्यात पिठाच्या हातांनीच ओफेलिया बाहेर आली आणि त्याच्या कानात ओरडली, "आवळ! आणखी आवळ!"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तू हे यंत्र नीट जुळवलंस की मला आत माझा रेडिओ ऐकू येतो. इतकी वर्षं तेवढंच ऐकतेय मी. आत्ता येत नाहीये."

मग आतला रेडिओ ऐकू येतो का ते बघत ती खिडकीशी कान देऊन उभी राहिली. त्याने स्क्रू जरासा फिरवावा आणि तिने नाही म्हणून मान हलवावी, असे बराच वेळ चालले. शेवटी तिने दोन्ही हात वर केले. माझा श्वास मोकळा झाला. दुपारी आम्ही पास झालो.

घरी येताच फर्मीनने पाना उचलला. माझी जाण्याची वेळ झाली होती. ओफेलियाने त्याचा हात धरला आणि कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली,

"म्हाताऱ्या, तुला आता ऐकू येत नाही. मग ते गरजणं कोणासाठी?"

आपल्याला ऐकू येत नाही हे त्याच्या तोंडावर कोणी कधी म्हटले नव्हते. त्याने पाना खाली ठेवला. मग त्याने डोळे पुसले, मला जागीच राहू देऊन बॉनेट लावले आणि तिच्यासाठी गाडीचे दार उघडले. धुराच्या वासाने आणि आवाजाने ती इतकी वर्षे त्या गाडीत बसलीच नव्हती. त्या संध्याकाळी ती त्याच्या शेजारी बसून अख्खे गाव फिरली आणि सारखी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही सांगत होती.

आता माझ्याच्याने फार काम होत नाही. मध्येच मला खोकला येतो आणि फर्मीन मला पुन्हा धुऊन घेतो. मित्रांनो, तुमच्याजवळ जे चांगले असेल ते परीक्षेपुरते, पाहुण्यांपुरते राखून ठेवू नका. ते रोज वापरा आणि रोज सांभाळा. माझे सारे उमेदीचे वय वाट बघण्यात गेले, तुमचे जाऊ देऊ नका.