डब्यातली मेंदी

आवण, म्हणजे भाताची लावणी, सुरू व्हायच्या आधी डोळखांबकडच्या बायका नखांना मेंदी बांधायच्या. नटण्यासाठी नव्हे. महिनाभर हात भातखाचरात बुडालेले, चिखलाने नखं सडायची. मेंदीने ती टिकायची. मेंदी झोंबली की बायका खूश. झोंबते म्हणजे सडकी जागा मरते, हे सगळ्यांना तोंडपाठ.

एका वर्षी सुंदराने पाला वाटलाच नाही. लेकीचं, भिमीचं, लग्न ठरलेलं, घरात कामाचा डोंगर, आणि मुरबाडच्या बाजारात कमळाकरशेटने तयार मेंदीचे डबे आणलेले. पाण्यात कालवा, लावा, सकाळी काळाभोर रंग.

"यात काय काय घातलंय, शेट?"

"मेंदीत मेंदीच असते, बाई."

तिने पैसे मोजले. छापील डब्यावर शंका घ्यायची म्हणजे आपणच अडाणी ठरायचं. डबा इवलासा, म्हणून तिने सगळी मेंदी लेकीलाच लावली आणि वरून पळसाची पानं गच्च बांधली.

"आये, आग होते गो. सोड."

"होऊ दे. लागू पडते हाय ती."

सकाळी पानं सोडली तर बोटांची टोकं टम्म फुगलेली. मग पू झाला, आणि पाऊस संपेपर्यंत एकेक नख गळून पडलं. मायच्या हाताने झालं हे सगळं. भिमीने आईला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच सुंदराला जास्त लागलं.

दसऱ्याला नवऱ्या मुलाची आई सकुबाई मुरबाडहून तारीख धरायला आली. भिमीने पाणी पुढे केलं. सकुबाईने त्या बिननखांच्या, वेड्यावाकड्या बोटांकडे पाहिलं आणि तांब्याला हात लावला नाही. महारोग, असं ती अंगणात जाऊन म्हणाली. तिन्हीसांजेला सगळा पाडा तेच म्हणत होता. सुंदराने पोरीला शहापूरला डॉक्टरकडे नेलं. महारोग नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. निरोप पोचवला तर सकुबाईचं उलट उत्तर आलं, "डाक्टर करून घेतो का तिला सून?"

आता खरं सांगू शकणारा एकच माणूस होता. सुंदरा कमळाकरच्या दुकानात गेली.

"तुमच्या डब्यानं झालं, येवढंच सांगा शेट. मला दुसरं काय नको."

"अर्ध्या मुरबाडने नेली माझी मेंदी," तो तागडी पुसत म्हणाला. "दुसऱ्या कुणाची नखं गेली? एक तरी आणून दाखव, मग मी भर बाजारात सांगीन."

कुणाला बाधलं असेल, कुणाला नसेल; कोण कशाला सांगायला येईल? तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. सकुबाई होती. मुलासाठी दुसरी मुलगी ठरली होती, आणि नव्या सुनेला नेसवण्याच्या सामानात तिला मेंदीचा डबा हवा होता.

"तोच द्या, काळाभोर रंगवाला," ती म्हणाली. मग सुंदरावर नजर गेली, आणि तिने पदर आवळून अंग चोरलं.

सुंदराच्या ओठांवर आलं होतं, नेऊ नको म्हणून. त्या पोरीचं तिला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण ती पोर वाचली तर शेटला दाखवायला दुसरी कुणी नव्हती, आणि भिमी जन्मभर महारोगी राहणार होती.

सुंदरा बाजूला झाली आणि सकुबाईला वाट दिली. डबा पिशवीत गेला. उभ्या आयुष्यात कुणाच्या लेकराचं वाईट न चिंतलेल्या त्या बाईने तिथेच, दुकानाच्या पायरीवर, देवाकडे त्या परक्या पोरीची नखं मागितली.