अडीअडचणीची बॅटरी

आमच्या सासरेबुवांनी आयुष्यात कुठलीही चांगली वस्तू वेळेवर वापरलेली नाही. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी, चांगल्या बशा त्याहून चांगल्या पाहुण्यांसाठी, आणि चांगली छत्री पाऊस नसेल तेव्हाच बाहेर न्यायची, कारण पावसात ती खराब होते. अशा माणसाच्या घरात मी भिंतीवर लिथियमची बॅटरी बसवायला निघाले. हौस माझीच.

हौस कसली, गरजच. मी घरी आइस्क्रीम करून विकते. छतावर सोलर होतं, पण बॅटरी नसल्यामुळे लाईट गेली की तेही गप्प बसायचं आणि डीप फ्रीझरमधल्या मालाचं सरबत व्हायचं.

बॅटरीवाला आला त्या दिवशी भिंतीवरून घरात रण पेटलं. सासूबाईंना बॅटरी हॉलमध्ये हवी होती. "एवढी महागाची वस्तू, आल्यागेल्याला दिसायला नको?" सासऱ्यांना ती कपाटात हवी होती, कुलपासकट. बॅटरीवाला भिंतींवर टिचक्या मारत घरभर फिरला आणि म्हणाला, "ऊन नको, पाणी नको, झोपायची खोली नको. आणि भिंत पक्की हवी. हिचं वजन तुमच्यापैकी दोघांएवढं आहे."

"कुठल्या दोघांएवढं?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने शहाण्यासारखं ड्रिल मशीन सुरू केलं.

शेवटी मागच्या बंद व्हरांड्यातली भिंत ठरली. सासूबाईंनी बॅटरीला लोकरीचं फुलाफुलांचं कव्हर विणलं, ते त्याने काढायला लावलं. "हिला वारा लागतो, काकू." मग उरला तो फक्त तिच्या पोटावरचा हिरवा आकडा. शंभर म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. सासरे त्या आकड्याच्या प्रेमातच पडले. सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघायचे आणि "शंभर आहे!" असं घरभर सांगत सुटायचे, जणू परीक्षेला तेच बसले होते.

आणि मग लाईट गेली. फ्रीझर बंदच. बॅटरीवाल्याला बोलावलं. सगळं ठणठणीत, असं सांगून तो गेला. पुन्हा लाईट गेली, पुन्हा फ्रीझर बंद. तो बिचारा पुन्हा आला, आणि नेमकी तो चहा पीत असताना लाईट गेली. सासरे ताडकन उठले, चपलाही न घालता मागे धावले आणि बॅटरीचा स्विच त्यांनी खाली ओढला.

"काका, हे काय करताय?"

"बंद करतोय. लाईट आली की पुन्हा चालू करतो. लाईट गेली की ही उतरायला लागते. शंभराचे सत्त्याण्णव झालेले मी स्वतः पाहिलेत."

"अहो, त्यासाठीच तर बसवलीय!"

"आणि उद्या खरी अडचण आली तर?"

बॅटरीवाल्याने आधी चहा संपवला. मग ऊन पडलं की बॅटरी आपोआप पुन्हा भरते, हे त्याने नाना परींनी समजावलं. सासरे हसले. "गेलेलं असं आपोआप कोणी परत देत नसतं हो." पालथ्या घड्यावर पाणी. तरी खऱ्या अडचणीत स्विच खाली ओढणार नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

अशात दातांच्या एका डॉक्टरांनी नव्या दवाखान्याच्या उद्घाटनासाठी माझ्याकडे भलीमोठी ऑर्डर दिली. दातांच्या डॉक्टरने आइस्क्रीम वाटावं, यात मला धंद्याची दूरदृष्टी दिसली. ही ऑर्डर बुडाली तर फ्रीझर विकून टाकेन, असं मी रागाच्या भरात घरात जाहीर करून बसले होते. मला तो मुळीच विकायचा नव्हता.

आदल्या संध्याकाळी लाईट गेली. मी मागे धावले, तर स्विच केव्हाच खाली, आणि त्याला पाठ लावून सासरे उभे.

"बाबा, बाजूला व्हा. माझा सगळा माल वितळेल. आता आली ना अडचण?"

"ही गैरसोय आहे. अडचण वेगळी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वडीलधाऱ्या माणसाला ढकलायचं कसं? तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या हातात चॉकलेटचा डबा, वाटी आणि चमचा. "अहो, मऊ पडायला लागलंय. वाया जायच्या आत खाऊन घ्या."

वाया हा शब्द ऐकून सासरे कासावीस होतात. जागा न सोडता त्यांनी वाटी संपवली. मग स्ट्रॉबेरीची आली. मग कॉफीची. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले.

"अजून किती आहे?"

"फ्रीझर भरलाय," सासूबाई म्हणाल्या. "सावकाश खा. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंच आहे, तुम्हालाही नेऊ."

इकडे आड, तिकडे विहीर. व्हॅनिलाच्या वाटीला सासऱ्यांच्या दातांतून कळ गेली, ते कळवळले, आणि त्यांनी आपल्याच हाताने स्विच वर केला. फ्रीझर घरघरला. मला खरंच रडू आलं.

सासरे अंगावर रजई घेऊन बॅटरीसमोर खुर्ची टाकून बसले. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. "नव्याण्णव," ते पुटपुटले. आकडा उतरला की आवाजही उतरायचा. सकाळी तो चाळिशीच्या खाली गेला होता आणि ते माझ्याशी बोलत नव्हते. लाईट अजून आलेली नव्हती. मी डबे गाडीत घालून दवाखान्यात पोचवले. आइस्क्रीम इतकं टणक होतं की डॉक्टरांचा चमचा वाकला.

दुपारी परतले तर फाटकापासूनच आरडाओरडा ऐकू आला. "अगं, भरली! शंभर झाले! कोणी काही केलं नाही, मी इथून हललो नाही, साक्षीला आहे!" त्यांचे डोळे चक्क ओले झाले होते. मला त्यांची एकदम माया आली. मग ते जरा विचारात पडले.

"आता भरल्यावर हे वरचं ऊन कुठे जातं?"

"कुठे जाणार? वाया जातं."

बोलून गेले आणि माझ्याच लक्षात आलं, मी काय बोलले ते. सासऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी वॉशिंग मशीन लावलं, त्यात धुतलेलेच कपडे घातले, घरातले सगळे पंखे सोडले, शेजाऱ्यांचे इस्त्रीचे कपडे मागून आणले. तरी ऊन उरतच होतं, आकडा शंभरावरून हलेना. शेवटी घामाघूम होऊन ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, एका फ्रीझरने भागायचं नाही. दुसरा आण." आणि आभाळाकडे बघत घाईने म्हणाले, "आत्ताच जा. ऊन उतरायच्या आत."