न काढलेला पंप

मी एक जुना पंप आहे. रस्त्याकडेला पेट्रोल विकणारा नव्हे. भूमच्या तात्याराव गुरुजींच्या निळ्या गाडीत, इंजिनाच्या कुशीला दोन नटांवर बसवलेला. मुठीएवढा. पोटात एक रबरी पडदा. इंजिन फिरलं की पडदा वर-खाली होई आणि मी मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे देई. ओढ, दे. ओढ, दे. चाळीस वर्षं एवढंच.

मित्रांनो, माझं कौतुक केलं ते गुरुजींच्या बायकोनं, बनाबाईंनी. उन्हाळ्यात मी तापलो की आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी थांबे. मग बनाबाई खाली उतरून माझ्यावर ओलं फडकं ठेवीत. लेकराच्या कपाळावर ठेवतात तसं. गुरुजी चिडवत, "अगं, त्याला ताप न्हाय, आळस आलाय."

"असू द्या. तुमच्यापेक्षा कामाचा हाय त्यो."

त्या गेल्या.

पुढचं वर्षभर गाडी बंदच होती. त्या वर्षाचं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मग एकदा येरमाळ्याजवळ, भर उन्हात, गाडी थांबली. फडकं भिजवायला कुणी नव्हतं. सत्तरी ओलांडलेले गुरुजी दोन तास रस्त्यावर उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलानं, राजपालनं, गाडी गौरीशंकर मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं टाकीजवळ विजेवर चालणारा नवा पंप बसवला. चावी फिरवली की तो टकटक करी आणि मागूनच पेट्रोल पुढे ढकली. माझं काम संपलं.

मिस्त्री पाना घेऊन माझ्याकडे वळला. "गुरुजी, ह्यो काढून टाकू. भोकावर झाकण मारतो. ह्याचा पडदा म्हातारा झालाय, नव्याचा जोर न्हाय झेपायचा."

गुरुजींनी त्याचा पाना धरला. मग म्हणाले, "राहू द्या. राजपालच्या आईचा हात लागलाय त्याला."

राजपालनं समजावलं. मिस्त्रीनं दोनदा समजावलं. शेवटी नवी नळी माझ्यातूनच पुढे नेली. खरं सांगतो, मला आनंद झाला.

आठवड्यात माझा पडदा फाटला. बारीकसाच. नवा पंप ढकलत राही आणि पेट्रोल माझ्या पोटातून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरे. थेंब. थेंब. ओरडायला मला तोंड नव्हतं.

गुरुजी रोज सकाळी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून बघत. पातळी वाढलेली दिसे. ते शेजाऱ्यांना अभिमानानं सांगत, जुना पंप ठेवला म्हणून गाडी ऑइलच खात नाही. पट्टीला पेट्रोलचा वास येई. त्यांना वाटे, मी अजून काम करतोय.

बनाबाईंच्या स्मृतिदिनाला गाडी त्यांच्या माहेरी निघाली आणि वाटेतच इंजिन आतून घासून जाम झालं. पेट्रोल मिसळून पातळ झालेल्या ऑइलनं त्याला राखलं नव्हतं. मिस्त्रीनं मला उघडलं, पडदा उजेडात धरला. फाटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता.

गुरुजीच म्हणाले, "पंपाचा दोष न्हाय रे. माझा मोह सुटला न्हाय."

त्या इंजिनाचे भाग आता मिळत नाहीत. गाडी दारात उभी आहे. मला मिस्त्रीच्या फळीवर सोडून गुरुजी गेले. वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, असं आमच्यातले सगळे सांगतात. मी वेगळं सांगतो. थकलेल्याला माया म्हणून कामावर ठेवू नका. त्याला वेळेवर उतरवा, पुसा, घरी न्या. मला त्या दिवशीच काढलं असतं, तर आज गुरुजी गाडी घेऊन बाजाराला गेले असते आणि मी त्यांच्या खिडकीत बसून वाट पाहिली असती.