बागेआधी आलेली झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. पण वापरून जुनी झालेली नाही हं! मी नुसती पडून पडून जुनी झाले, आणि त्याचाच तर मला राग आहे.

नदीकाठच्या आळीत पत्र्याची कामं करणाऱ्या भिमाजीने मला घडवलं. चकचकीत पत्रा, लांब तोटी, तोटीच्या तोंडाला बारीक भोकांची चाळणी. पोटावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, ‘नगरपालिका, बाग’. मी किती फुगले होते म्हणून सांगू!

त्या स्वातंत्र्यदिनी मिशनच्या चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत झेंडावंदन झालं. अध्यक्षसाहेबांनी मला हातात घेऊन एका रोपट्याला पाणी घातलं आणि पोरांना सांगितलं, “पुढच्या वर्षी इथे तुमची बाग असेल. झोपाळा, घसरगुंडी, सगळं!” केवढ्या टाळ्या पडल्या! मग मला नगरपालिकेच्या कोठीत नेऊन कुलूप लावलं. रोपटं वाळून गेलं.

वर्षं गेली. फिनेलच्या डब्याशेजारी बसून माझा जीव नुसता तळमळायचा. एका उंदरिणीने माझ्यात पिल्लं घातली. कुणी मोठा पाहुणा येणार असला की शिपाई मला बाहेर काढून अंगणात पाणी मारी. पाहुणे अंगणाचं कौतुक करत. माझं कोण करतो? मी पुन्हा कोठीत.

कोठीच्या खिडकीतून कचेरीचा व्हरांडा दिसे. सभेच्या दिवशी चाळीतली माणसं बाग मागायला तिथे येऊन बसत. सगळ्यांत पुढे दबोरा. नववीतली, दोन वेण्यांची, कुणाला न भिणारी. तिचा धाकटा भाऊ बन्यामीन आणि त्याचे सवंगडी पुणे-नगर रस्त्याच्या कडेला चेंडू खेळत. चेंडू ट्रकपुढे गेला की पोरं त्याच्यामागे धावत.

“एक दिवस पोर जाईल हो साहेब,” दबोराची आई हन्नाबाई म्हणायची.

साहेबांचं उत्तर ठरलेलं. “बाई, ती जागा मुरमाड. कुसळ उगवायचं नाही. बागेला पैसे घालून काय उपयोग? येत्या सभेत ती ट्रक उभे करायला देऊन टाकू.”

ते ऐकलं आणि मला एक क्षण चैन पडेना. बाग गेली तर मी कशाला उरले?

आणि एका सकाळी काय गंमत! कोठीला लागून कोंडवाडा आहे. चुकार जनावरं तिथे डांबतात. त्यात शिपायांनी बें बें करणाऱ्या मेंढ्यांचा अख्खा कळप आणून कोंडला. मागोमाग कळपाचे मालक, केंदूरचे मल्हारीआबा, खांद्यावर घोंगडं, रागाने लाल. त्यांच्यामागे दबोरा, हन्नाबाई आणि शेजारच्या रतनबाई.

“कुणाला विचारून चाळीसमोरच्या जागेवर रात्रभर मेंढ्या बसवल्या?” हेडक्लार्क ओरडले.

“मी सांगितलं आबांना,” दबोरा म्हणाली. “जमीन मुरमाड आहे म्हणता ना? मग खत नको?”

“आन् काय वो,” आबा म्हणाले, “शेतात मेंढरं बसवली तर लोक धान्य देत्यात, वर च्या पाजत्यात. हितं फुकाट बसवली, तर तुमी कोंडवाडा दावताय व्हय!”

“ते काही नाही. नगरपालिकेच्या बागेत जनावरं घातलीत. दंड भरा.”

दबोराचे डोळे चमकले. “कुठल्या बागेत, साहेब?”

हेडक्लार्कनी पावतीपुस्तक मिटलं. रतनबाई पदर तोंडाला लावून खदखदल्या. “दाखवा की वो ती बाग! आमाला बी बघू द्या!”

गलका ऐकून अध्यक्षसाहेब बाहेर आले. तेवढ्यात दबोराची नजर खिडकीतून माझ्यावर पडली. “साहेब, बागेचा दंड आहे, बागेची झारी आहे. मग बागच तेवढी कुठं आहे?”

साहेब हसले, पण कानापर्यंत लाल झाले. “पोरी, जमीन...”

“मुरमाड व्हती,” आबा म्हणाले. “आता लेंड्या पडल्यात. जरा पाणी दावा, मंग बघा.”

मेंढ्या सुटल्या. ट्रकांचा विषय मागे पडला. पण कुंपणाचे, विहिरीचे, झोपाळ्याचे पैसे? “पुढच्या सभेत बघू!” साहेब म्हणाले. शिपायाने कोठी उघडताच दबोराने मला सरळ काखोटीला मारलं. “मग तोवर झारी आमच्याकडं.”

मित्रांनो, आता मी रोज भरते! पोरांनी लावलेल्या कडुनिंबांना नवी पालवी आली आहे. माझा तळ गंजून गळतो, हे खरं. इतकी वर्षं कोरडी ठेवल्यावर दुसरं काय होणार? वस्तू असो की दिलेला शब्द, कुलपात ठेवू नका. दोन्हींना गंज चढतो.

आज पुन्हा सभा आहे. दबोराने मला काठोकाठ भरून थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं आहे. माझ्या तळातून थेंब पडतायत, टप, टप, आणि ओघळ बागेच्या ठरावाच्या कागदाकडे निघालाय.

साहेब, सही करा. लवकर!