देवाला जीप दिसली नाही

अहेरीच्या आठवडी बाजारात मासळीच्या ओळीपेक्षा जास्त गर्दी अंतर्यामी महाराजांच्या मंडपात होती. बाईने फक्त नाव-गाव सांगायचं. चेला पडद्याआड 'देवाला विचारून' यायचा, महाराजांच्या कानाला लागायचा, की महाराज सुरू! "दुसऱ्या बाळंतपणात रक्त कमी होतं. धाकट्याचं वजन भरत नाही." बाया रडायच्या, पाया पडायच्या.

"माय वं! याईले कोण सांगतलं?" माझ्या सासूबाई कुजबुजल्या.

आमचा नंबर आला. माझ्या कडेवर पुनम होती, तीन वर्षांची. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार; रोज गोळी लागते. उद्या सोयरिकीच्या वेळी लोक नाकं मुरडतील म्हणून आम्ही शेजाऱ्यांनाही कळू दिलं नव्हतं.

महाराज म्हणाले, "मुली, तुझ्या लेकीच्या रक्तातच दोष आहे. गोळ्यांनी तो वाढतो. गोळ्या बंद! माझं भस्म दे."

"ऐकलं ना, हर्षा?" सासूबाईंनी हात जोडले. "आजपासून गोळी बंद."

मागे एकदा गोळ्या सुटल्या तेव्हा पोर दुखण्याने कशी कळवळली होती, ते मी पाहिलं होतं. महाराज मात्र रंगात आले होते. "मला सगळं दिसतंय. चंद्रपूरचा मोठा दवाखाना. पांढरे पडदे. तिथे ही कन्या जन्मली!"

मी दचकले. पुनम दवाखान्यात जन्मलीच नव्हती. चंद्रपूरला नेताना नाल्याच्या पुराने रस्ता अडला आणि ती जीपमध्येच झाली. रस्त्यावरचं बाळंतपण लिहिलं तर वरून जाब विचारतात म्हणून नर्सबाईंनी आरोग्य खात्याच्या ॲपमध्ये 'दवाखाना, चंद्रपूर' भरलं होतं. हे खोटं जगात तेवढ्या एकाच ठिकाणी होतं.

मी सरळ जाऊन पडदा ओढला. मागे बाजारातल्या प्रफुलचं मोबाईलचं दुकान. लॅपटॉपवर त्या ॲपातली पुनमची नोंद उघडी, समोर प्रफुल आणि चेला.

"मॅडम, पासवर्ड मी चोरला नाई," प्रफुल चाचरला. "नर्सबाईनंच देला. गावात रेंज नाई, तं त्या काय झाडावर चढून भरतीन? साऱ्या गावाईच्या नोंदी मीच भरून राह्यलो."

"आन् या बाबाले काऊन दाखवलं?" माझ्यामागून आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

त्याने चेल्याने दिलेल्या नोटा खिशात आत दडपल्या.

सासूबाई महाराजांकडे वळल्या. "पोरगी माह्या या हातावर झाली, जीपात! तुमच्या देवाले जीप नाई दिसली?"

मंडप हसला. महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावाचं बोलावणं आठवलं. पुनमची गोळी मात्र सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने दिली.

मी तक्रार केली. आरोग्यवाले म्हणाले, ॲप संगणकवाल्यांचं. संगणकवाले म्हणाले, पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, आधी आरोग्यवाल्यांचं पत्र आणा. राज्याची सायबर सुरक्षा समिती आहे म्हणे, समन्वयासाठी! 'पासवर्ड कोणाला देऊ नका' हा हुकूम मुंबईहून आला, पण रेंज आली नाही. मग नोंदी भरायच्या कशा, हे ठरवायला एकाही साहेबाला सवड नाही. बाबा लबाड होताच. पण त्याला अंतर्यामी कोणी केलं? आमची दुखणी कुलपाविना ठेवणाऱ्या या बेफिकीर साहेबांनी.

बायांनो, कोणी तुमच्या घरातलं गुपित सांगितलं तर हात जोडू नका. विचारा, 'हे कुठे लिहिलंय, आणि तुला कोणी दाखवलं?' आणि लेकरांची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.