सप्टेंबर इनटेक

उचगावच्या शेडमध्ये सकाळी सातला कांडप मशीन सुरू झाले की आक्कांची खुर्ची दारात लागत असे. वय चौऱ्याहत्तर. तरीही मिरचीचे देठ नीट खुडले आहेत की नाहीत, हे त्या खुर्चीवरून न उठता सांगत. होळीपासून मृग लागेपर्यंत चटणी कुटायची आणि वर्षभर विकायची, हा चाळीस वर्षांचा परिपाठ त्यांनीच घातला होता.

या वर्षी मात्र त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले होते. ते म्हणजे इंग्रजी. चटणी दुबईला आणि लंडनला जाऊ लागली होती आणि तिकडच्या ऑर्डरी इंग्रजीत येत. सातवीपर्यंत गिरवलेली अक्षरे आक्कांना अजून वाचता येत होती. अर्थाची अडचण होती. नात संयोगिता रोज दुपारी वही घेऊन शेजारी बसे.

"आजी, व्याकरण राहू दे. महिना आणि त्याच्या शेजारचा शब्द, एवढं कळलं की निम्मी ऑर्डर वाचून झाली."

मार्च एंड. मिड एप्रिल. मे बॅच. जून डिलिव्हरी. वही भरत चालली होती, पण आक्कांचे समाधान नव्हते.

"यांचे महिने म्हणजे नुसते कारकून गं. आपल्यात चैत्रपालवी म्हटलं की झाड दिसतं, आषाढातलं तळण म्हटलं की घरभर वास सुटतो. आणि हे बघ, मार्च एंड! कशाचा एंड? फायलींचा."

"मग ऑक्टोबर हीट?"

"ती आपली. साहेबाला काय ठाऊक ऑक्टोबरचं ऊन?"

संयोगिता हसली होती. ते हसू आक्कांना नंतर फार आठवले.

पंधरा मेच्या सकाळी शेडच्या फोनवर एक मेल आली. आधी संयोगिता सांभाळायची तो ऑर्डरींचा हा फोन आता आक्कांच्याच ताब्यात असे. चष्मा सावरून त्यांनी वाचायला घेतले. महिना ओळखला, सप्टेंबर. शेजारचा शब्द अक्षर अक्षर जुळवून लावला, इनटेक. हा काही वहीत नव्हता. खाली संयोगिताचे पूर्ण नाव होते आणि आजचीच तारीख जाड अक्षरात होती.

समोर शालूबाई देठ खुडत होती. वीस वर्षांपासूनची बाई.

"शालू, संयोगिता कुठं आहे?"

"मागं मसाला भाजत्यात, आक्का."

"हे इनटेक म्हणजे काय, कधी कानावर आलंय का तुझ्या?"

शालूबाईचा हात मिरचीतच थांबला. "मला काय ठावं? मी अडाणी बाई. विजयदादांस्नी इचारा की."

"तू अडाणी आहेस हे मला ठाऊक आहे. मान खाली का घातलीस, तेवढं सांग."

शालूबाई आणखी खाली वाकून देठ खुडू लागली. आक्कांनी मशीनवरच्या जोतीरामकडे पाहिले. त्याने न सांगताच बटण बंद केले. इतक्या वर्षांत हंगामाच्या ऐन सकाळी ते मशीन कधी थांबले नव्हते. शब्दाचा अर्थ आक्कांना अजून कळलेला नव्हता. पण तो आपल्याखेरीज इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, हे कळले.

घराचा एक नियम होता. पती गेले त्या दिवशी वीस जणांनी वीस तऱ्हेने बातमी आणली होती. तेव्हापासून आक्कांनी ठरवून दिले होते की मोठी गोष्ट त्यांना एकट्या मुलाने, विजयसिंहाने सांगायची, सकाळची पूजा झाल्यावर, समोर बसून. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचे नाही. हा नियम आजवर कोणी मोडला नव्हता.

"शालू, विजयसिंहाला बोलाव."

पन्नाशीचा मुलगा, संयोगिताचा बाप, चपला बाहेर काढून शाळकरी पोरासारखा समोर येऊन उभा राहिला. फोनकडे नजर जाताच त्याचा चेहरा उतरला.

"आयर्लंडचं कॉलेज आहे, आक्का. अन्न तंत्रज्ञानाचं. सप्टेंबरला जे विद्यार्थी घेतात, त्यांच्यात संयोगिताचा नंबर लागलाय. सांगणारच होतो मी."

"कधी?"

"पूजा झाल्यावर."

"नंबर कधी लागला?"

"फेब्रुवारीत."

"म्हणजे तीन महिने माझी पूजाच संपली नाही!"

मागच्या दारात संयोगिता येऊन उभी होती. हात मनगटापर्यंत लाल. आक्कांनी फोन तिच्यापुढे धरला.

"ही जाड तारीख कसली?"

"उत्तर द्यायची. आज संध्याकाळपर्यंत होय कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते."

"मग दिलंस उत्तर?"

"नाही. आबांनी तुला सांगितलं नव्हतं. तुझा शब्द घेतल्याशिवाय आपल्या घरातून कोण गेलंय, आजी?"

"आणि तू मसाला भाजत बसलीस? जाऊ देणार होतीस जागा?"

पोरीने नुसती मान हलवली. होय.

नात परदेशी जाते, हा धक्का आक्कांनी पचवला असता. मुली हल्ली जातातच. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा धाक एवढा, की तीन महिने सारे घर गप्प राहते आणि एक हुशार पोर आपले नशीब मुकाट्याने मिरचीसारखे खलात टाकते? हा धाक आपलाच? त्यांना तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटू लागला.

"मला इंग्रजी कशाला शिकवलंस मग?"

"मी गेले तर ऑर्डरी कोण वाचणार, म्हणून. सुरू केलं तेव्हा आबा सांगतील असं वाटत होतं." तिचा हात डोळ्यांकडे गेला.

"डोळ्याला हात लावू नकोस! मिरची आहे!"

आक्का उठल्या. हंगामात त्या खुर्चीवरून सहसा उठत नसत. पदराच्या टोकाने त्यांनी नातीचे दोन्ही डोळे पुसले, आणि पुन्हा बसून फोन मांडीवर घेतला.

"तुझे हात असले. एकेक अक्षर सांग, मी दाबते."

एका बोटाने, थांबत थांबत, त्यांनी होकार लिहिला. सप्टेंबर मात्र त्यांनी न विचारता लिहिला; तो शिकून झाला होता. शेवटी संयोगिताचे नाव घातले आणि मेल पाठवली. "गेली," संयोगिता पुटपुटली. विजयसिंह अजून उभाच होता.

"तू बस आता," आक्का म्हणाल्या. "आणि उद्यापासून ज्याची गोष्ट त्यानं येऊन सांगायची. पूजा झालेली असो वा नसो."

शेडमध्ये सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. शालूबाईला तर हसूच फुटले, आणि त्या भरात ती बोलून गेली, "म्हंजी औंदा गौर आणायला ताई न्हाईत व्हय!"

आक्कांनी बोटे मोजायला घेतली. जून, जुलै, ऑगस्ट. भाद्रपद सप्टेंबरातच येत होता. पाणवठ्यावरून गौर आणायला संयोगिता नवव्या वर्षापासून पुढे असे, डोक्यावर पदर घेऊन, आक्कांची नथ घालून.

मोजणारे बोट तिथेच राहिले. ते न सोडता दुसऱ्या हाताने त्यांनी जोतीरामला मशीन सुरू करण्याची खूण केली.